आधी डिकी उघडायला सांग

ताई, तू जुनी जर्मन गाडी बघतेयस असं तुझी आई परवा म्हणाली. बघ, बिनधास्त बघ. पैसे तुझे आणि हौसही तुझी. फक्त बघायला जाशील तेव्हा एक कर. विकणारा तुला सनरूफ उघडून दाखवेल, गाणी लावून दाखवेल, सीट मागेपुढे सरकवून दाखवेल. तू त्याला आधी डिकी उघडायला सांग आणि तळाचा गालिचा उचल. खाली पूर्ण मापाचं चाक असेल, बारीक चाक असेल, नाहीतर रबरी चिकाचा डबा आणि मुठीएवढा पंप असेल. आणि काहीच नसेल तर खाली बसून टायरच्या कडेवरची अक्षरं वाच. आरएफटी, एसएसआर, झेडपी, कंपनीगणिक अक्षरं बदलतात. झेडपी म्हणजे आपली जिल्हा परिषद नव्हे. यातलं काही लिहिलेलं दिसलं की समजायचं, टायर रन-फ्लॅट आहेत.

तुला कोणी सांगेल की रन-फ्लॅट म्हणजे पंक्चर न होणारा टायर. ते खोटं आहे. खिळा त्यालाही तसाच लागतो आणि हवाही तशीच जाते. फरक पुढचा आहे. साध्या टायरमधून हवा गेली की त्याची कड दुमडते आणि रिम रबराला चिरडत चालते. रन-फ्लॅटच्या कडेत आतून जाड, कडक रबर भरलेलं असतं, त्यामुळे हवा शून्य झाली तरी ती कड गाडीचं ओझं काही काळ उचलून धरते. बहुतेक कंपन्या हा काळ ऐंशीच्या वेगानं ऐंशी किलोमीटर असा सांगतात. ती कड प्रत्येक फेऱ्याला दबते, उठते आणि तापते, म्हणून ही मर्यादा. गाडीत पाच माणसं आणि वर द्राक्षाच्या पेट्या असतील, रस्ता मे महिन्यातला असेल, तर त्या ऐंशीवर पूर्ण भरवसा ठेवू नको. साठ-सत्तरचा वेग धर आणि जवळचं दुकान गाठ.

ही कल्पना काही आजची नाही. 1997 ची अमेरिकन कॉर्व्हेट मोटार स्टेपनीशिवाय आली ती याच टायरांच्या जिवावर. पुढे बीएमडब्ल्यूनं त्यांचा मोठा वापर केला. कंपनीला डिकीतली जागा मिळाली, पाच टायरांऐवजी चारांत भागलं. आपल्याकडेही सरकारनं 2020 साली मोटार वाहन नियम बदलले आणि त्या ऑक्टोबरपासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती उठली. अट एवढीच की टायर ट्यूबलेस हवेत, हवा कमी झाली की सांगणारी यंत्रणा हवी आणि सोबत पंक्चरचा किट हवा. तेव्हा स्टेपनी नाही म्हणून आरटीओ तुला अडवणार नाही. आपल्या सायखेड्याचा रस्ता मात्र अडवेल, आणि मला तेच सांगायचंय.

आपल्याकडे पंक्चर कशानं होतं ते आठव. पुण्याहून येताना संगमनेर, सिन्नरपर्यंत मोठा रस्ता आहे. तिथे पंक्चर झालं तर ते खिळ्यानं, स्क्रूनं, ट्रकमधून सांडलेल्या लोखंडाच्या तुकड्यानं. छिद्र टायरच्या मधोमध, चालणाऱ्या भागावर. ते ट्यूबलेसमध्ये दहा मिनिटांत पट्टी घालून बुजतं. नायगाववरून सायखेड्याकडे वळलीस की खेळ बदलतो. बांधावरच्या बाभळी तोडल्या की काटे पाणंदीवर पडतात. द्राक्षबागेचं काम चाललं की तारेचे तुकडे आणि चुका रस्त्यावर येतात. आणि ऊस तुटल्यावर वावरात जे बुडखे उरतात, ते कोयत्यानं तिरपे कापलेले असतात. पाहुणा गाडी वळवायला म्हणून एक चाक वावरात घालतो आणि तो बुडखा टायरच्या कडेत घुसतो. कडेचं पंक्चर नीट निघत नाही. ना साध्या टायरचं, ना रन-फ्लॅटचं. कोणी काढून देतो म्हणाला तरी काढून घेऊ नको, महामार्गावर तो टायर फुटायचाच. डब्यातला चीक तर तिथे काहीच कामाचा नाही. तो मधल्या भागातल्या पाच-सहा मिलिमीटरच्या छिद्रापर्यंत चालतो. कड चिरली की डबा रिकामा होतो आणि चीक मातीत जातो. त्या डब्यावरही मुदत छापलेली असते, ती कोणी वाचत नाही.

पुराचं वेगळंच. गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी सुटलं की चांदोरी-सायखेड्याला गोदावरी घरात येते. 2016 ला आली, 2019 ला आली. पुलाला पाणवेली अडकतात हे तू लहानपणापासून बघतेस. पाणी उतरल्यावर रस्त्यावर जो गाळ राहतो त्याच्या पोटात काय काय असतं, कुंपणाची तार, पत्र्याचे तुकडे, फांद्या. पूर ओसरल्यावर चार दिवस गाडी गावात आणूच नको. गावाबाहेर लाव आणि चालत ये.

आता रन-फ्लॅटची खरी अडचण ऐक. मागच्या द्राक्ष हंगामात एका व्यापाऱ्याची तसली गाडी गावात आली होती. टायर बसला. गाडी चालत होती, त्याबद्दल तक्रार नाही. पंक्चरवाल्यानं चाक उतरवलं, हातयंत्राखाली घातलं आणि टायरची कड रिमपासून सोडवायला लागला. दांडीवर दोन पोरं उभी राहिली तरी कड सुटेना. साध्या गाडीचा टायर तोच पंक्चरवाला एकटा उपसतो. तासाभरानं व्यापाऱ्यानं तसंच चाक परत लावलं आणि हळूहळू नाशिकला गेला. म्हणजे टायरनं आपलं काम केलं, दुकानाला ते जमलं नाही. रन-फ्लॅट घेणाऱ्यानं हे धरूनच चालायचं की त्या ऐंशी किलोमीटरच्या टोकाला नीट यंत्र आणि त्याच मापाचा टायर असलेलं दुकान पाहिजे. आपल्याला नाशिक पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे म्हणून बरं. तरी रविवारी संध्याकाळी त्या मापाचा टायर नाशिकलाही दुकानात तयार असेल असं समजू नको. स्विफ्ट, डिझायर, बोलेरोचा टायर कुठंही मिळतो. तुझ्या जर्मन गाडीचा मागवावा लागतो, आणि तोवर गाडी त्यांच्या दारात.

दुसरं, रन-फ्लॅट एकदा रिकामा चालला की त्याची कड आतून किती जळलीय ते बाहेरून दिसत नाही. म्हणून बऱ्याच कंपन्या तो दुरुस्त करू नका, बदला, असंच सांगतात. साध्या टायरचं पंक्चर काही रुपयांत जातं. इथे अख्खा टायर जातो, तोही साध्यापेक्षा बराच महाग. आणि एकाच आसावर एक नवा, एक झिजलेला चालत नाही म्हणून कधी दोन घ्यावे लागतात. जुनी गाडी स्वस्तात मिळते ती अशा खर्चांमुळे, हे ध्यानात ठेव.

इतकं वाचून तू म्हणशील, काकांना रन-फ्लॅटचं वावडंच आहे. तसं नाही गं. तू एकटी चालवतेस, रात्री चालवतेस. रात्री साडेअकराला आळेफाट्याच्या पुढे टायर बसला तर अंधारात उतरून जॅक लावण्यापेक्षा गाडी तशीच पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेता येणं याची किंमत मला कळते. समृद्धी महामार्गावर तर त्याहून जास्त. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला, त्यात कसाऱ्याजवळ सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे. त्या बोगद्यात चाक बदलायला थांबायचं काम नाही. तिथे ज्याच्या गाडीला रन-फ्लॅट आहे तो नुसता इंडिकेटर लावून बाहेर पडेल. वेगात टायर बसला तर गाडी एकदम ओढतही नाही, कारण कड उभी राहते. म्हणून ज्याचं येणं-जाणं मुंबई, ठाणे, नागपूर एवढंच आहे त्याला मी रन-फ्लॅट बदल असं सांगणार नाही. तुझं मात्र महिन्यातून एकदा तरी सायखेडा आहे.

आणि रन-फ्लॅटचा भरवसा टायरवर नसतोच, तो डॅशबोर्डवरच्या दिव्यावर असतो. कड कडक असल्यानं हवा गेली तरी टायर बसलेला दिसत नाही आणि गाडी चालवतानाही लवकर कळत नाही. दिवा बंद पडलेला असेल तर तू ऐंशीऐवजी दोनशे किलोमीटर त्याच टायरवर जाशील. जुन्या गाडीत चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपलेली असणं अगदी नेहमीचं. तो दिवा पेटतो-विझतो का हे गाडी चालू करताना बघ. सुरुवातीला क्षणभर पेटलाच नाही तर कोणीतरी बल्ब किंवा तार काढलीय असा संशय घे.

या दिव्याबद्दल निफाडकरांसाठी आणखी एक. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात असतो. दुपारी तोच अठ्ठावीसवर जातो. तापमान पाच-सहा अंश उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पौंड कमी दाखवते. म्हणजे दुपारी पुण्यात बरोबर तेहतीस भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे आपल्या ओट्यासमोर एकोणतीस-तीस होते आणि कधी कधी दिवाही पेटतो. लोक म्हणतात, थंडीचा पेटलाय, जाईल. बहुतेक वेळा जातोही. पण ज्या दिवशी खरंच बाभळीचा काटा घुसलेला असतो, त्या दिवशीही ते हेच म्हणतात. हवा सकाळी थंड टायरवर मोज, दाराच्या खांबावर चिकटवलेल्या आकड्याशी जुळव आणि चारही चाकांत सारखीच उतरली असेल तर थंडी, एकाच चाकात उतरली असेल तर काटा. काटा सापडला तर तिथल्या तिथे उपटू नको. ट्यूबलेसमध्ये काटाच बूच होऊन बसतो. तो तसाच घेऊन पंक्चरवाल्यापर्यंत जा.

आता स्टेपनीचं. जुन्या बजाज चेतकलासुद्धा स्टेपनी असायची. तुझे बाबा पावसात भर रस्त्यात चाक बदलून पुढे गेलेले मी पाहिलेत. पुढचं-मागचं चाक एकच असल्यानं ती एक स्टेपनी दोन्हीकडे चालायची. तुझ्या गाडीला हे विचारायलाच पाहिजे. काही जर्मन गाड्यांना मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. तसं असेल तर एक स्टेपनी दोन्हीकडे नीट बसणार नाही, ब्रेकलाही अडू शकते. पुढच्या आणि मागच्या टायरवरचे आकडे लिहून घे आणि जुळतात का बघ.

डिकीत बारीक चाक निघालं तर त्यावर वेगाची मर्यादा छापलेली असेल, बहुधा ऐंशी. ते घरापर्यंत जायला आहे, आठवडाभर फिरायला नाही. त्यातली काही चाकं साठ पौंड हवा मागतात. पंपावरचा पोऱ्या सवयीनं बत्तीस भरतो आणि चाक दबून चालतं. म्हणून चाकावर लिहिलेलं त्याला वाचून दाखव. आपल्या रस्त्याला मी तरी पूर्ण मापाचं चाकच मागेन. डिकीतली एक बॅग कमी होईल, एवढंच.

स्टेपनी असूनही माणूस अडकतो ते तीन कारणांनी, आणि तिन्ही मी लोकांच्या गाड्यांत रोज बघतो. एक, स्टेपनीत हवा नसते. चार चाकांत हवा भरून घेतात आणि पाचव्याचं नावही काढत नाहीत. ते चाक न वापरताही जुनं होतं. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. अशी स्टेपनी दिसायला कोरी असते आणि रबर तडकलेलं असतं. दुसरं, स्कॉर्पिओ, इनोव्हा, अर्टिगासारख्या गाड्यांत चाक पोटाखाली लटकतं. उसाच्या ट्रॉल्यांनी केलेल्या चिखलातून वर्षभर गाडी फिरली की ते खाली सोडायची साखळी आणि तिचा फिरकी-नट गंजून बसतो. मग चाक आहे, हवा आहे, फक्त खाली येत नाही. दर दिवाळीला गाडी धुशील तेव्हा ते चाक एकदा पूर्ण खाली सोडून वर घ्यायचं आणि साखळीला ग्रीस लावायचं. सीएनजीवाल्यांची गोष्ट निराळी. बऱ्याच गाड्यांत सिलिंडरच डिकीत बसलेला असतो, म्हणून टाटानं 2023 च्या अल्ट्रोझला दोन छोटे सिलिंडर देऊन स्टेपनी पोटाखाली नेली. म्हणजे आता त्यांनाही साखळीचा कानमंत्र लागू झाला.

तिसरं कारण म्हणजे नट. आजकाल दुकानात नट हवेच्या बंदुकीनं आवळतात. तिथला पोऱ्या जोरात आवळतो आणि गाडीसोबत मिळालेल्या आखूड पान्यानं नट तुझ्याच्यानं काय, माझ्याच्यानंही सुटत नाही. लांब दांड्याचा पाना वेगळा विकत घे आणि दुकानात टायर बसवून घेतलास की तिथेच त्याच्यासमोर एक नट स्वतः सोडवून परत आवळून बघ. त्याला राग आला तर येऊ दे. अलॉय चाकाला चोरांना अडवायला वेगळ्या खाचेचा एक नट असतो, त्याची छोटी चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे का बघ. जुनी गाडी घेताना ही चावी हरवलेली असण्याची शक्यता फार. ती नसेल तर डिकीतल्या स्टेपनीचा काही उपयोग नाही.

चाक बदलायचा क्रम तुला माहीत असेल, तरी आपल्या मातीपुरतं सांगतो. नट आधी सैल करायचे, गाडी जमिनीवर असतानाच, मग जॅक. काळ्या मातीत जॅक नुसता लावलास तर गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. म्हणून डिकीत वीतभर रुंद, दोन बोटं जाड फळी ठेव, तिच्यावर जॅक. समोरच्या चाकाला दगड. बसलेलं चाक उतरवलं की ते गाडीच्या पोटाखाली सरकव, जॅक घसरला तर गाडी त्यावर टेकेल. नट परत लावताना एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचं. मोठ्या रस्त्यावर उजव्या बाजूचं चाक गेलं असेल तर स्वतः बदलायच्या भानगडीत पडू नको. वाहतुकीकडे पाठ करून बसावं लागतं. त्रिकोण मागे लांब ठेव, कठड्याच्या पलीकडे उभी राहा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033, नाहीतर 112.

ट्रॅक्टरवाल्यांचा मात्र मला कायम हेवा वाटतो. उसाच्या भरल्या ट्रॉलीला स्टेपनी नसतेच. टायर बसला की ट्रॉलीखाली जॅक आणि दगड लावून चाक काढतात, मोटरसायकलवर मागे एकानं ते धरायचं, दुसऱ्यानं चालवायचं, गावात पंक्चर काढून तासाभरात परत. रस्ता अडलेला असतो, हॉर्न वाजत असतात, त्यांचा चहा चालू असतो. हे तुला जमणार नाही.

बरेच जण एक मधला मार्ग काढतात, तोही तुला सुचवला जाईल. रन-फ्लॅट झिजले की त्यांच्या जागी साधे ट्यूबलेस बसवायचे. गाडी मऊ चालते आणि खर्चही कमी येतो. माझी हरकत नाही, पण मग डिकीत पाचवं चाक आलंच पाहिजे. साधे टायर बसवून स्टेपनीविना फिरणाऱ्या गाड्या नाशिकात कमी नाहीत, आणि त्यांच्याजवळ ना ती कड आहे ना चाक. टायर बदलताना मापाच्या आकड्यांसोबत वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षरही जुळव, आणि हवा कंपनीनं त्या टायरासाठी सांगितलेलीच भर.

आपल्या नाशिकच्या सातपूरला सिएट टायर बनवते आणि महिंद्राची गाडीही तिथेच बनते. म्हणून मला विचारशील तर दारात बोलेरो आण म्हणेन, तिचं चाक मागच्या दारावर सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं असतं आणि त्यातली हवा येता-जाता मोजता येते. पण तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. मग तुझ्या जर्मन गाडीसाठी माझा निकाल असा: रन-फ्लॅट चांगल्या स्थितीत असतील तर ते झिजेपर्यंत वापर, सोबत पूर्ण मापाचं एक चाक, लांब पाना, फळी आणि हवेचा छोटा पंप डिकीत ठेव. झिजले की साधे टायर, आणि ते चाक तसंच राहू दे. डिकीत चाक मावत नसेल तर ती गाडी सोडून दे, दुसरी मिळेल.

बयाणा द्यायच्या आधी चारही टायरांच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे, पुढचं-मागचं माप आणि नटाची चावी आहे की नाही, एवढं मला फोन करून सांग. रात्री नऊनंतर कर, तोवर मी बागेत असतो.